त्या फोटोतली वडी

लग्नाला दीड वर्ष झालं तरी ह्यांना माझ्या हातचं नक्की काय आवडतं, ते मला कळलं नव्हतं. वाढीन ते खायचे, "छान" म्हणायचे आणि उठायचे. तारापूरला तेव्हा वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं. हे तिथे नोकरीला, म्हणून आम्ही गावात दोन खोल्या घेऊन राहत होतो.

एकदा ह्यांच्या पत्र्याच्या पेटीत डांबरगोळ्या टाकताना एक जुना फोटो हाती लागला. लग्नाआधी हे वर्षभर जर्मनीत यंत्रांचं काम शिकायला होते, तेव्हाचा. हे जेवायला बसलेत, शेजारी फिकट केसांची एक मुलगी, तिच्या हातातला काटा ह्यांच्या तोंडाशी, आणि हे असे हसतायत की सगळे दात मोजून घ्यावेत! माझ्यासमोर हा माणूस असा एकदाही हसला नव्हता. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"कोण हो ही?"

"मी राहायचो त्या घरातली."

"आणि खाताय काय?"

"तिथलं काहीतरी," म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडून बसले.

काहीतरी म्हणे! म्हटलं, थांबा, मीच शोधून काढते. तिच्यासारखी गोरी काही मी होणार नव्हते, पण तिचं ते काहीतरी तिच्याहून चांगलं करून घातलं, तर तिला विसरतील तरी. फोटोतल्या ताटलीत काडी टोचलेल्या गुंडाळ्या दिसत होत्या. अळूवडीच, दुसरं काय! दोन तास खपून केल्या. हे म्हणाले, "छान."

शेवटी लाज सोडून फोटो दारावर येणाऱ्या कोळणीला दाखवला. आम्ही घाटावरची माणसं. तिने टोपली उतरवली की मी नाकाला पदर लावायचे. तिने फोटो उन्हात धरला.

"वडी कसली बाय, मासा हाय ह्यो. कातडी बघ कशी चमकते. आणि कच्चाच हाय. शिजवलेला असा गुंडाळला तर तुटल नाय का? आंबटात मुरवलाय."

कच्चा मासा! आणि माझ्याकडे साधं सुकट आण म्हणूनही कधी बोलले नव्हते. त्या गोरीच्या हातून मात्र कच्चासुद्धा गोड लागला. मी तिथल्या तिथे बांगडे घेतले. काटे कोळणीनेच काढून दिले. शेजारच्या पारशी बाईंकडून सिरका आणला, आत कांदा नि काकडी घालून गुंडाळलं, नव्या खराट्याच्या काड्या धुऊन टोचल्या आणि तीन दिवस बरणीत मुरवलं. मला दोनदा ओकारी आली.

चौथ्या दिवशी पानात वाढलं. ह्यांनी एक तुकडा तोंडात घातला आणि चावायचेच थांबले. मग बोलायला लागले. दिवसाला चार वाक्यं बोलणारा माणूस, तासभर बोलत होता. तिथला बर्फ, ते स्वयंपाकघर, ती कशी गायची, तिला भात कसा करता यायचा नाही, निघताना स्टेशनवर ती कशी आलीच नाही. ते सांगताना ह्यांचे डोळे भरून आले होते. बरणी संपली. मीच वाढत होते आणि मीच ऐकत होते.

"पुन्हा करशील?" त्यांनी विचारलं.

"बघू. मासे मिळाले पाहिजेत," मी म्हटलं.

समुद्राकाठच्या तारापुरात, रोज दारावर कोळीण येत असताना, ते मासे मला पुढे कधीच मिळाले नाहीत. ह्यांनीही पुन्हा विचारलं नाही. जे वाढीन ते खाऊन "छान" म्हणायला लागले.