नाफे आणि नफा

"हे नाफे हाय का?" असं विचारून सर मान जराशी तिरपी करत आणि समोरच्याच्या उत्तराची वाट पाहत. स्टाफरूममध्ये आलेल्या परिपत्रकापासून माझ्या नव्या कवितेपर्यंत काहीच या प्रश्नातून सुटत नसे. परिपत्रकाचं ठीक होतं, कवितेच्या बाबतीत मी विषय बदलायचो.

नाफे म्हणजे उपयोगी, भलं करणारं. ज्या इल्माने, म्हणजे ज्ञानाने, कुणाचं भलं होत नाही त्यापासून वाचव, अशी दुआ पैगंबर मागत, हे मला त्यांनीच सांगितलं. लातूरच्या आमच्या कॉलेजात ते भूगर्भशास्त्र शिकवत, मी मराठी. मी त्यांना सर म्हणे, ते मला अप्पा.

भाऊबंदकीत शेताची वाटणी होते तशी आपण इल्माची केली, याचं त्यांना फार दुःख होतं. दीन, म्हणजे धर्म, मदरशाच्या वाट्याला गेला, दुनिया कॉलेजच्या. "कुराणात डोंगर बघा, पाऊस बघा म्हणलंय. मदरशात आम्ही ते नुसतं पाठ करून राहिलो. कॉलेजात डोंगर शिकवतो, पण कशासाठी, ते कुणी विचारत न्हाई."

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा जो तो संस्था काढायला निघाला होता, तुम्हालाही ते दिवस आठवत असतील. मोहल्ल्यातल्या जाणत्या मंडळींनीही कॉलेज काढायचं ठरवलं आणि सरांना प्राचार्य व्हा म्हणून गळ घातली. सरांनी पक्की नोकरी सोडली. घरी त्यांच्या पत्नीने, भाभींनी, समजावलं, मीही भांडलो. पण एकाच छताखाली, मुलामुलींना, अरबी आणि भूजल शिकवायचं हे एवढं एकच त्यांनी आयुष्यात मनापासून मागितलं होतं.

मशिदीच्या ओसरीत बैठक झाली, मलाही सोबत नेलं. सर सुरेख बोलले. शेवटी म्हणाले, आपल्याकडे फक्त नाफे इल्म असेल. अध्यक्ष लाकडाच्या वखारीचे मालक होते. त्यांनी समाधानाने दाढीवरून हात फिरवला.

"बराबर हाय, सर. नफ्याचंच इल्म पाह्यजे. आपण कॉमर्सच काढू."

सगळ्यांच्या माना डोलल्या. मला हसू फुटणार होतं, पण सरांचा चेहरा पाहिला आणि ते तिथेच विरलं. त्यांनी अर्थ उलगडून सांगितला, पुन्हा सांगितला. तोवर चहा आला होता आणि कॉमर्सला वर्ग किती लागतील यावर चर्चा रंगली होती.

कॉलेज निघालं, चाललंही उत्तम. सरांनी प्राचार्यपद घेतलं नाही. आमच्याकडची त्यांची जागा भरली गेली होती. बिऱ्हाड आवरून ते आपल्या गावी, मुखेडला गेले.

पुढे दुष्काळ पडला. तिथल्या मदरशाची विहीर आटली. नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला, वजूला, पाणी नाही म्हणून मुलं कोरड्या मातीवर हात टेकवून तयम्मुम करू लागली. सरांनी मौलानांकडे रोजचा एक तास मागितला. दीनच्या मदरशात दगड कशाला, असं मौलाना म्हणाले.

"मौलानासाहेब, वजूचं पाणी कुठून येतं, ते पोरांना ठाऊक नको का?"

 मौलानांनी तास दिला.

मी एकदा एसटीने जाऊन तो तास पाहून आलो. मुलं कुराणातली पावसाची आयत म्हणत, सर तिचा अर्थ सांगत, आणि मग सगळे कोरड्या ओढ्यात उतरून तो पाऊस कोणत्या खडकात मुरतो, कोणत्यावरून वाहून जातो ते पाहत. सर वाळले होते. पण इतके आनंदात मी त्यांना स्टाफरूममध्ये कधी पाहिलं नव्हतं. पाणी कुठे लागलं का, असं मी विचारलं.

"अजून न्हाई. पण पोरं प्रश्न विचारून राहिलीत, अप्पा."

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. मला कळायला उशीर झाला, मातीला पोचता आलं नाही, याची हळहळ आजही आहे. भाभींना भेटून मदरशात गेलो. सरांच्या तासाची वेळ होती. मुलं ओळीने बसली होती, पुढ्यात खडकांचे तुकडे होते, शिकवणाऱ्याची जागा मोकळी होती. मौलाना मुलांच्याच ओळीत शेवटी बसले होते. मला पाहून ते उठले आणि त्यांनी माझा हात धरला.

"तुमच्या कॉलेजात लई सर असतील. दगड शिकवणारे एक सर आम्हाला द्या. आमच्या सरांसारखे."

पाहतो, म्हणालो. परतीच्या एसटीत एकेक ओळखीचा माणूस आठवत होतो. दगड शिकवणारे पुष्कळ होते. लातूर आलं तरी मौलानांना कळवावं असं एकही नाव मला सुचलं नव्हतं.