माझ्या कौलांचा ढीग

श्रीमंत पेशव्यांच्या दफ्तरात मी कारकून होतो. त्यामुळे नारायण पेठेतल्या आमच्या आळीत शहाणपणाचा मक्ता आपल्याकडेच आहे, असा माझा समज होता. एका उन्हाळ्यात घर शाकारताना निघालेली फुटकी कौलं आणि माती मी समोरच्या पडीक जागेत टाकली. दोन दिवसांत उचलतो म्हणालो. त्या दोन दिवसांचं वर्ष झालं.

मग शेजाऱ्यांनी तिथे उष्ट्या पत्रावळी टाकल्या, कोणी मोडकी बाज टाकली. ढिगावर धोतरा माजला. त्याच्या आड भर दुपारी जुगारी बसू लागले, तशा बायका पाण्याला लांबच्या वाटेने जाऊ लागल्या.

आळीच्या रामोशी पहारेकऱ्याने मला तीनदा सांगितलं, "धनी, ह्यो ढीग हलवा. पल्याड कोन बसलंय, कायबी दिसत न्हाई."

"तुला पहाऱ्याला ठेवलंय, देखावे बघायला नाही," मी म्हणालो. वर स्वतःच्या हजरजबाबीपणावर खूशही झालो.

पुढे चोऱ्या सुरू झाल्या. परसातली घंगाळं, वाळत घातलेली लुगडी दिवसाढवळ्या नाहीशी व्हायची. आळीने निकालच लावून टाकला: पहारेकरी चोरांना सामील आहे, त्याला काढा. कोतवालाच्या चावडीवर सगळे जमले. पहारा गेला की आळीच्या टोकाचं त्याचं खोपटंही जाणार होतं, आणि त्याची बायको नुकतीच बाळंत झाली होती. चावडीवरच्या अंमलदाराने पहारेकऱ्याला विचारलं, "तुझं म्हणणं काय?" तो मान खाली घालून गप्प उभा राहिला.

आता हा माझं नाव घेणार, असं मला वाटत होतं. त्याने घेतलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तो ढीग माझा," मी म्हणालो. "याने बजावलं होतं, मी ऐकलं नाही. चोर त्याच्याच आडून येतात."

अंमलदाराने ढीग उचलायला आठ दिवस दिले. मी धोतर खोचून पाटी उचलली, तेव्हा मला हसत का होईना, सगळी आळी मदतीला आली. जागा मोकळी झाली, जुगारी उठले, चोऱ्या थांबल्या. पोरी तिथे फुगड्या घालू लागल्या. पहारा त्याच्याकडेच राहिला. ते सगळं बघून फार बरं वाटायचं.

एकदा मी त्याला विचारलं, "चावडीवर गप्प का राहिलास रे? माझं नाव सांगायचं होतंस."

तो बाळाला मांडीवर घेऊन बसला होता. सहज म्हणाला, "चोराचा सोबती म्हून हुबा हुतो, धनी. माझं कुनी खरं मानलं असतं व्हय?"

मी तरी मानलं नसतं.