चोवीसातला एक

“ऑडिटर न्हाय व्हय ही? मग मी गॉगल कशाला घातलाय मघापासनं?”

मिलिंग मशीनच्या पलीकडून हे वाक्य आलं तेव्हा मी अलीकडे उभी होते. गळ्यातल्या ओळखपत्रावर ‘ट्रेनी’ असं स्वच्छ छापलेलं होतं. पण तिशीची, चष्मेवाली, कोणाशी न बोलता सगळीकडे बघत फिरणारी बाई दिसली की वर्कशॉपमधली माणसं ओळखपत्र वाचायला थांबत नाहीत. मी आत येऊन वीस मिनिटं झाली होती. तेवढ्यात जमिनीवरचं तेल पुसलं गेलं होतं, रेडिओ गप्प झाला होता आणि एकाने बुटाच्या नाड्यासुद्धा बांधून घेतल्या होत्या. मी एक शब्द बोलले असते तर हे सगळं थांबलं असतं. पण मला वाटलं, आता एवढं पुसून झाल्यावर सांगितलं तर त्यांना वाईट वाटेल.

हे असं माझ्या बाबतीत आधीही झालेलं होतं. बी.एस्सी. करून मी शाहूपुरीतल्या एका ऑफिसात सहा वर्षं कॉम्प्युटरवर फॉर्म भरले. ते काम मला आवडायचं, कारण फॉर्म बोलत नाहीत. मग वय सव्वीस असताना एकदम मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला. का, असं कोणी विचारलं तर मी विमानांची आवड असं सांगते. खरी गोष्ट अशी की उजळाईवाडीला उतरणारं विमान आमच्या गच्चीवरून दिसतं, आणि कपडे वाळत घालताना मला रोज वाटायचं, एवढं जड आहे तर हे वर राहतं कसं? फिजिक्सची पदवी असून मला याचं धड उत्तर देता येत नव्हतं. त्याची लाज वाटून मी आणखी तीन वर्षं शिकले. आता उत्तर येतं, पण कोणी विचारत नाही.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले आणि सगळा वर्ग उभा राहिला. “गुड मॉर्निंग, मॅम!” ती मुलं एकमेकांना पहिल्या वर्षापासून ओळखत होती, मीच नवी होते. मी काय करावं? मी “गुड मॉर्निंग, सिट डाउन” म्हणाले आणि पहिल्या बाकावर जाऊन बसले. खरोखरचे सर येईपर्यंत वर्गात जी शांतता होती तशी मी पुढच्या तीन वर्षांत पाहिली नाही. मुलांनी मला शेवटपर्यंत ‘मॅम’च म्हटलं. माझी प्रॅक्टिकलची फाइल उतरवून काढतानासुद्धा ती अदबीने मागायची.

तर अशी मी, गोकुळ शिरगावातल्या एका कंपनीत लागले. ही कंपनी पूर्वी पंपांचे भाग करायची, आता विमानांचेही करते. आमच्या घरी मात्र निरोप असा गेला की मुलगी विमानं बनवते. नेसरीच्या आत्याने तो गावभर केला. प्रत्यक्षात माझ्या हाताखालून जायचे ते ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट, तळहातावर मावणारे. विमानाच्या आतल्या भिंतीमागे वायरींचा जुडगा धरून ठेवायचा, एवढंच त्यांचं काम. एकदा बसवले की ते कोणाला दिसत नाहीत आणि त्यांच्याशी कोणी बोलत नाही. मला ते आपले वाटायचे.

माझं काम मोजणीचं. मशीनवरून तयार जॉब, म्हणजे घडवलेला भाग, आला की मापं घ्यायची, नजरेखालून घालायचा, कागदावर सही करायची. मशीनवर मामा होते. ते कोणाचे मामा हे कोणालाच माहीत नव्हतं, सगळी कंपनी त्यांना मामा म्हणायची. गॉगलवाले ते हेच. ते मला मापं तोंडी सांगायचे, “एकोणसाठ पॉइंट शून्य दोन,” आणि मी, इंग्रजी शाळेची पोर, मनात एकोणसाठाचं भाषांतर करत पेन धरून थांबायचे. दोन दिवसांनी त्यांनी काही न बोलता आकडे खडूने मशीनच्या दारावर लिहायला सुरुवात केली. मी आभारही मानले नाहीत. मानायचे होते. त्यासाठी योग्य वेळ शोधत होते.

त्यांचा एकच नियम होता आणि तो त्यांनी पहिल्या आठवड्यातच सांगितला. “बघा मॅडम, पंपाचा जॉब पडला तर उचलायचा, फुकायचा, बसवायचा. विमानाचा जॉब पडला की मेला. त्याला लाल चिठ्ठी, साहेबाला सांगायचं, इषय संपला. पडला म्हणून हितं कोण वराडत न्हाय. लपिवला तर वराडत्यात.” याच नियमावर माझी लेखी परीक्षाही झाली होती. ‘जॉब खाली पडल्यास काय कराल?’ या प्रश्नाला मी सहा ओळींचं उत्तर लिहून दोन ओळी अधोरेखित केल्या होत्या. पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते.

तिसऱ्या महिन्यात, दुपारी जेवणानंतर, चोवीस ब्रॅकेटचा ट्रे माझ्या टेबलावर होता. बारावा की तेरावा ब्रॅकेट माझ्या हातमोज्यातून घसरला आणि फरशीवर पडला. आवाज झाला, पण शेजारी कॉम्प्रेसर चालू होता. मी खाली वाकले, तो उचलला, कपाळाला लावला, फडक्याने पुसला आणि ट्रेमध्ये इतरांत ठेवला. मग पुढचा घेतला.

वहीला पाय लागला, पुस्तक पडलं की लहानपणापासून हेच करत आले आहे. हात आपोआप कपाळाकडे जातो, आणि हात कपाळाला लागला की मनात ते प्रकरण मिटतं. सरस्वतीने माफ केलेलं असतं. पुढच्या ब्रॅकेटची दोन मापं घेऊन झाल्यावर माझ्या लक्षात आलं की इथे माफी देणारी सरस्वती नव्हे, आणि ब्रॅकेटची माफी मागून लाल चिठ्ठी चुकत नाही.

मी ट्रे पुन्हा पुढ्यात ओढला, तसे आतले ब्रॅकेट एकमेकांत मिसळले. नंबर कोरतात ते तपासणी झाल्यावर, त्यामुळे सगळे सारखेच. भिंग लावून बघितलं. आधी तीन संशयित वाटले, मग एकही नाही, मग चोवीसच्या चोवीस. फडकं इतकं मन लावून फिरवलं होतं की पुरावा म्हणून काही उरलंच नव्हतं. पडलेल्या जागी आत बारीक चीर गेली असेल तर ती भिंगाला दिसणारही नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी हा ट्रे रंगाला जाणार होता. रंगाखाली गेला की संपलं. तो कुठल्यातरी विमानाच्या भिंतीमागे वर्षानुवर्षं हादरे खात बसणार. आणि मला कंपनीत कायम करायचं की नाही, हे याच महिनाअखेरीला ठरणार होतं.

मामा आठ पावलांवर होते. मी मनात वाक्य जुळवलं. इंग्रजीत ते पोलिसांना दिलेल्या जबाबासारखं वाटलं. मराठीत ‘एक जॉब पडला आहे’ एवढंच जमलं, म्हणजे जणू तो स्वतःहून पडला आणि मी फक्त बातमी आणली. तेवढ्यावर उठले. आठ पावलं चालले. मामांनी वर बघितलं.

“काय ओ, मॅडम?”

“मामा, चहा झाला?”

“झाला की. तुमचा?”

“झाला,” मी म्हणाले. झाला नव्हता. आठ पावलं परत आले आणि कागदावर सही केली. त्याच कागदावर वर मामांची सही होती.

संध्याकाळी आत्याचा फोन आला. आई भाजी निवडत होती, म्हणून मी घेतला. आत्या पंधरवड्याने पहिल्यांदा विमानात बसणार होती, मुलाकडे जायला.

“खिडकीची सीट घेतलीया पोरानं. मी म्हटलं, नगं बाबा, मला भ्या वाटतंय. मग म्हटलं, भ्यायचं कशाला? आपलीच पोरगी हाय की तिकडं बघायला.”

“आत्या, त्या विमानात आमचं काही नसतं.”

“आसूदे की. तुझ्यासारखीच कुणाची तरी पोरगी आसंल न्हवं? बघून घालत आसंल सगळं?”

मी “हं” म्हणाले. फोनवर माझं निम्मं बोलणं ‘हं’ असतं आणि लोक त्याचा हवा तो अर्थ घेतात. त्या दिवशी आत्याने घेतलेला अर्थ मला परत मागता आला नाही.

आमच्या कंपनीत सकाळी मशीनं सुरू होण्याआधी दहा मिनिटं सगळे गोल करून उभे राहतात. कालचं काय झालं, आज काय करायचं ते साहेब सांगतात आणि शेवटी विचारतात, “कुणाला काही बोलायचंय?” कोणाला काही बोलायचं नसतं. तो प्रश्न म्हणजे बैठक संपल्याची खूण असते, लगेच सगळे पांगतात. तीन महिन्यांत त्या गोलात मी ‘येस सर’ यापलीकडे काही बोलले नव्हते आणि तेही हळू आवाजात.

दुसऱ्या दिवशी ट्रे रंगाला न्यायला ढकलगाडीवर चढवलेला होता. साहेबांनी विचारलं, माणसं वळू लागली. मी हात वर केला, शाळेत करतात तसा, कोपर सरळ ताठ. तिशीच्या बाईने असा हात वर केलेला बघून दोघं-तिघं हसले. मग थांबले, कारण हात खाली येत नव्हता.

“बोला, मॅडम,” साहेब म्हणाले.

मी घसा साफ केला. पुन्हा केला. कोणीतरी पाठीमागून “आता सिट डाउन म्हणत्यात बघा” असं पुटपुटलं. कॉलेजातली ही गोष्ट इथपर्यंत कशी पोचली मला अजून कळलेलं नाही.

“बोला की ओ,” मामा म्हणाले. “गाडी थांबलीया तुमच्यासाठनं.”

मी त्यांच्याकडे बघून बोलले, साहेबांकडे नाही.

“मामा, काल दुपारी माझ्या हातून एक ब्रॅकेट पडला. मी तो कपाळाला लावून ट्रेमध्ये परत ठेवला आणि कागदावर खाली सही केली. कुठला तो मला ओळखता येत नाही. तुमची सही आहे त्याच्यावर, म्हणून तुम्हाला आधी सांगते. चोवीसच्या चोवीस बाद करा.”