फाटकावरचा हॉर्न

ती बाई ठाण्यात आली ती दुपार मला आजही जशीच्या तशी आठवते. उन्हाळा होता. जाफराबाद तालुक्याच्या बाजूला एका ग्रामीण ठाण्याचा मी प्रभारी अधिकारी होतो. हजेरी उरकली होती, दोन शिपाई समन्स बजावायला गेले होते. ठाणे अंमलदाराच्या टेबलाजवळ कोणीतरी हसल्याचा आवाज केबिनमध्ये आला. ठाण्यात हसू ऐकू आलं की मी बाहेर डोकावत असे. बहुतेक वेळा ते कोणाच्या तरी अडचणीवर निघालेलं असतं.

टेबलासमोर चाळिशीची एक बाई उभी होती. नीटनेटकी साडी, कपाळावर ठसठशीत कुंकू. टेंभुर्णीच्या एका शेतकरी घराण्यातली ती थोरली सून. तिचा नवरा पाच-सहा वर्षांपूर्वी बेपत्ता झाला होता आणि आमच्याच ठाण्यात तशी मिसिंग दाखल होती. मी तिला आत बोलावून बसायला सांगितलं.

"साहेब, मी भाकरी करून राह्यले होते," ती म्हणाली. "सासूबाई पुढच्या खोलीत टीव्ही बघत होत्या. तेवढ्यात फाटकावर आमच्या गाडीचा हॉर्न वाजला. मी पिठाच्या हातानं तशीच उठून फाटक उघडलं. रस्त्यावर कोणीच न्हाई. मंग परत वाजला. ह्या वेळी घरातून."

"घरातून म्हणजे?"

"टीव्हीतून. मालिकेत घरचा मालक लई वर्षांनी परत येतो अन् त्याची गाडी फाटकाशी थांबते. ती गाडी काळी आहे, आमची दुधी रंगाची होती. पण हॉर्न आमचा आहे, साहेब. बिलकुल आमचा. सासूबाईंना कमी ऐकू येतं, तरी त्या दाराकडं बघून म्हणाल्या, आला का गं?"

बाहेरचे आमचे लोक ज्याला हसले ते हे होतं. मला हसू आलं नाही. खोटी माहिती द्यायला येणारा माणूस पटेल असं काहीतरी रचून आणतो. असली गोष्ट कोणी रचून आणत नाही.

मी जुना तपास काढून वाचला. तिच्या नवऱ्याकडे वडिलांच्या वेळची अँबेसेडर होती. मातीच्या रस्त्यावरही ती चकचकीत ठेवणारा माणूस. छत्रपती संभाजीनगर, पुण्याकडून मालिका-सिनेमावाले आले की जुनी गाडी भाड्याने मागत. हा देत असे, पण एका अटीवर. गाडीसोबत तो स्वतः जाणार, चावी दुसऱ्याच्या हाती देणार नाही. कॅमेऱ्यासमोर नट बसला तरी गाडी सुरू करून देणारा हाच. एके सकाळी "शहागडकडं शूटिंग आहे" एवढं सांगून तो निघाला. माणूसही परतला नाही आणि गाडीही.

तेव्हाच्या तपासात शहागड परिसरात त्या दिवशी कुठलंच शूटिंग नव्हतं असं निष्पन्न झालं होतं. त्याला ज्या सिमकार्डवरून फोन आला होता ते खोट्या नावावर होतं. शूटिंगच नव्हतं म्हटल्यावर गावाने अर्थ लावून टाकला. गडी खोटं बोलून निघाला, कोणा बाईबरोबर गेला. त्याच्या धाकट्या भावाचंही हेच मत होतं, आणि तो वहिनीच्या तोंडावर तसं म्हणे.

मी मालिकेचा तो भाग मोबाईलवर पाहिला. काळी अँबेसेडर फाटकाशी येते, हॉर्न वाजतो. त्यात दोन आवाज होते. आधी एक चढा, नेहमीचा. त्याच्या मागून दुसरा, जाड, म्हशीनं हंबरावं तसा लांबत जाणारा. तिच्या नवऱ्याने हैदराबादहून जुना हॉर्न आणून मूळच्या हॉर्नला जोडला होता आणि तो दाबला की जरा मागून वाजायचा. हे तिने आधीच सांगितलं होतं. ती सांगताना मी मान डोलावली होती, पण मोबाईलमधून तो आवाज निघाला तेव्हा मी तो भाग मागे नेऊन पुन्हा ऐकला.

मालिकेच्या व्यवस्थापकाला फोन लावला. आवाज नंतर भरतात का, असं विचारलं. तो म्हणाला, "एरवी भरतो. पण तो हॉर्न असा काही विचित्र होता की आम्ही जागेवरचाच ठेवला." गाडी कुठली, तर शहागडच्या अलीकडे आडरस्त्याला एक शेड आहे, तिथला मालक जुन्या गाड्या शूटिंगला पुरवतो.

हद्द दुसऱ्या ठाण्याची होती. वरिष्ठांची परवानगी घेतली, तिथल्या ठाण्याला कळवून दोन कर्मचारी आणि पंच घेऊन दुपारी शेडवर गेलो. हमरस्त्यावर ट्रकांचा गोंगाट होता, पण वळण घेऊन उसाच्या मागे गेलो तसा तो एकदम तुटला. पत्र्याची लांब शेड. आत सात-आठ जुन्या गाड्या रांगेत, सगळ्यांची तोंडं बाहेर. पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पडले होते. रिकाम्या गाड्यांमध्ये माणसं बसली आहेत असं उगाच वाटत होतं. काळी अँबेसेडर रांगेत नव्हती. ती मधोमध, एकटी उभी होती.

शेडमालक पन्नाशीचा, बोलायला गोड. "या साहेब, चहा घ्या." गाडीची कागदपत्रं मागितली तर म्हणाला भंगारवाल्याकडून घेतली, तो आता हयात नाही. नंबर आरटीओकडे पडताळला तो एका स्कूटरचा निघाला. चेसीवरचा नंबर घासलेला. दाराच्या कडेला काळ्या रंगाखाली नखाने खरवडलं तर दुधी रंग दिसला. चोरीचा माल असल्याच्या संशयावरून गाडी जप्त करतो असं मी सांगितलं. पंचनामा झाला, क्रेनने गाडी उचलली.

अशा वेळी माणूस ओरडतो, वकिलाला फोन लावतो, ओळखीच्या पुढाऱ्याचं नाव घेतो. या गृहस्थाने यातलं काहीच केलं नाही. गाडी शेडच्या बाहेर पडते न पडते तोच त्याने आपल्या ड्रायव्हरला हाक मारली. "अरे, ती पांढरी लाव इथं. जल्दी. जागा मोकळी नको ठेवू."

जप्त होऊन चाललेल्या गाडीकडे त्याने एकदाही पाहिलं नाही. त्याला काळजी होती ती खालच्या जमिनीची.

दुसऱ्या दिवशी मी एक प्रयोग केला. न्यायालयात तो कितपत टिकेल याची खात्री नव्हती, पण मला स्वतःला पटायला हवं होतं. ठाण्याच्या मागच्या आवारात तीन अँबेसेडर उभ्या केल्या. दोन जालन्यातल्या ओळखीच्या लोकांकडून आणलेल्या, एक जप्तीची. त्या बाईला पुढच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसवलं, शेजारी पंच आणि महिला शिपाई. एकेक हॉर्न वाजवायला सांगितलं. पहिल्याला ती हलली नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसरा वाजला, त्याचा तो जाड आवाज मागून लांबत आला, आणि ती उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर सारखा केला. नवरा घरी आल्यावर करत असेल तसा. मग आपण कुठे आहोत हे तिच्या लक्षात आलं आणि ती पुन्हा बसली. महिला शिपाई तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिली.

शेडमालकाला चौकशीला बोलावलं. दोन दिवस तो एकच पाठ म्हणत होता, भंगारवाला, रोख व्यवहार, साहेब मला काय माहीत. मी आवाज चढवला नाही. चौकशीत आरडाओरडा केला की सराईत माणसाला आधार मिळतो. तेवढ्या वेळात तो पुढचं उत्तर जुळवतो. त्याला बसवून ठेवलं आणि त्याच्या ड्रायव्हरला वेगळं विचारलं. हा अंबडकडचा प्रौढ माणूस, तीन वर्षांपासून तिथे कामाला. घाबरलेला होता, पण लपवण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं.

"त्या गाडीचं शेटचं येगळंच होतं साहेब," तो म्हणाला. "शूटिंग कुठंबी असू, काम झालं की गाडी जाग्यावर पाहिजे. तेवढ्या येळात तिथं दुसरी गाडी लावायची. एकदा मी इसरलो, तर माझ्या अंगावर धावून आल्ते."

"गाडीत कधी काही वेगळं जाणवलं?"

त्याने एकदा दाराकडे बघून घेतलं. "हसू नका साहेब. त्या गाडीत एसी न्हाई. तरी मागं बसलेली माणसं भर उन्हात काच वर करा म्हणायची. गार लागतंय म्हणायची. दोन-तीन जणं तरी म्हणले आसतील."

यावर मी मत देत नाही. त्याने सांगितलं ते लिहिलं.

मग मी सहज विचारलं, गाड्यांची खालची कामं कुठे करता? एवढी शेड, आणि मला गाडीखाली उतरायचा खड्डा कुठे दिसला नव्हता.

"व्हता म्हणत्यात," ड्रायव्हर म्हणाला. "माझ्या आधीच शेटनं बुजवला. आम्ही जॅक लावून आडवं पडून करतो. म्हणलं, शेट, खड्डा असता तर बरं झालं असतं. तर म्हणले, पाणी लागतंय तिथं."

मी परत शेडमालकासमोर जाऊन बसलो. भंगारवाल्याचा विषय काढलाच नाही. एवढंच विचारलं, "गाड्यांचा धंदा करणारा माणूस शेडमधला खड्डा का बुजवेल हो?"

त्याने पाणी मागितलं, पण ग्लास हातात धरून बसला, प्यायला नाही. मग म्हणाला, "मारायचं नव्हतं साहेब."

त्याने सांगितलं ते असं. एका शूटिंगच्या युनिटला जुनी गाडी गोदावरीच्या पात्रात ढकलायचा प्रसंग घ्यायचा होता. आपली गाडी बुडवायची त्याची तयारी नव्हती. म्हणून खोट्या नावाच्या सिमवरून टेंभुर्णीच्या माणसाला बोलावलं आणि साधं शूटिंग आहे, आदल्या दिवशी गाडी दाखवायला आणा, असं सांगितलं. शेडवर आल्यावर खरं काय ते त्याला कळलं. दुसरी गाडी घेऊन देतो असं शेडमालक म्हणाला. तो म्हणाला, मला गाडी द्यायची नाही, मी निघालो. याने चावी हिसकायला हात घातला. झोंबाझोंबीत तो मागच्या मागे खड्ड्यात पडला आणि खालच्या दगडी काठावर त्याचं डोकं आपटलं.

"लगेच गेला?"

"न्हाई," खाली मान घालून तो म्हणाला. "श्वास चालू होता. कण्हत होता. दवाखान्यात नेलं असतं तर सगळं बाहेर आलं असतं. मी बाहेर बाजेवर बसून राह्यलो. दिवस मावळायच्या सुमाराला आवाज बंद झाला."

नदीचा तो प्रसंग पुढे त्या युनिटने रद्दच केला. गाडी त्याच्याकडे राहिली. विकायला भीती, ठेवायलाही भीती. मग रंग बदलून त्याने ती भाड्याने द्यायला सुरुवात केली. चावी त्याला नवीन करून घ्यावी लागली. जुनी कुठे पडली ती सापडली नव्हती.

नायब तहसीलदार, वैद्यकीय अधिकारी आणि पंचांसमोर ती जागा खोदली. वरची फरशी काढली, मुरूम उपसला. सांगाडा कुशीवर होता. उजव्या हाताची हाडं काळजीपूर्वक मोकळी केली तेव्हा त्यांच्यामध्ये गंजलेली चावी होती. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ती चिमट्याने उचलून माझ्यासमोर धरली. नोकरीत मी पुष्कळ पाहिलं आहे. तरी पंचनाम्यात "मयताच्या मुठीत" हे शब्द लिहायला सांगितले आणि मी शेडच्या बाहेर जाऊन उभा राहिलो.

डीएनए जुळला. दोषारोपपत्र गेलं, पुढे आरोपीला शिक्षाही झाली.

डीएनएचा अहवाल आला त्या दिवशी मी तिला ठाण्यात बोलावलं नाही. घरी गेलो. ओसरीवर बसलो आणि सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "लगेच गेले का, का तळमळले?"

इथे खोटं बोलावं असं मनात आलं होतं. पण न्यायालयात ते सगळं वाचलं जाणार होतं, आणि ती तिथे येणार होती. मी खरं सांगितलं.

ती पायाखालच्या फरशीकडे बघत बसली. मला वाटलं आता रडेल. तिने मान वर केली आणि म्हणाली, "म्हणजे ते घरीच यायला निघाले होते."

"हो. गाडी न देता परत निघाले होते."

"मंग साहेब, एक काम करा. माझ्या दिराला बोलवते, भावकीतल्या चार माणसांना बोलवते. हे तुम्ही त्यांच्यासमोर सांगा. मी सांगितलं तर कोणी ऐकणार न्हाई."

माणसं जमली. दीर दाराशी उभा होता. मी वर्दीत उभा राहिलो आणि सांगितलं की या घरचा थोरला मुलगा कोणाबरोबर पळून गेला नव्हता. तो कामाला गेला होता आणि घरी परत यायला निघाला असताना त्याला अडवलं गेलं. दिराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे. पुढे होऊन तो तिच्या पायाशी वाकला. ती मागे सरली नाही, तिने त्याला उठवलंही नाही.

त्यानंतर माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक अधिकाऱ्याला मी एक गोष्ट सांगत आलो. मिसिंगच्या तपासात "स्वतःहून निघून गेला असावा" हे वाक्य लिहायला फार सोपं असतं. ते लिहिलं की आपलं काम संपतं. पण मागे राहिलेल्या माणसाला त्या वाक्यासोबत गावात राहावं लागतं, त्याच विहिरीवर, त्याच लग्नकार्यांत, लोकांच्या नजरा झेलत. म्हणून खात्री नसेल तर ते लिहू नका. तपास उघडा ठेवा. आणि कोणी बाई येऊन टीव्हीतून नवऱ्याच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला असं सांगू लागली, तर तिला आधी बसायला खुर्ची द्या.