रोसेन्दो बारीक झाला

आस्कासुबीचा चढ संपला तेव्हा रोसेन्दोच्या एका खांद्यावर माझी पिशवी होती, दुसऱ्यावर म्हाताऱ्या एतेलविनाबाईंची, आणि गळ्यात मेहुण्याची पाण्याची बाटली लोंबत होती. बाकीची गल्ली खाली वळणावरच बसली होती. कुणी बूट काढून तळवे चोळत होतं, कुणी कंबर धरून उभं होतं. ही सगळी मंडळी किंचेच्या चर्चमधल्या देवीला पायी निघाली होती ती रोसेन्दोच्या प्रकृतीसाठी. नवस त्याच्या नावाचा आणि हमालीही त्याच्याकडेच.

"कसा भराभर चाललाय बघा," मेहुणा नेप्ताली खालून म्हणाला. चढावर आवाज वर येतो, हे त्याच्या लक्षात नव्हतं. "आमचा बाप जायच्या आधी असाच चालायचा. थांबायचंच नाव नाही."

"गप रे, ऐकेल तो," एतेलविनाबाई म्हणाल्या, त्याहून मोठ्यानं.

रोसेन्दोनं बाटलीचं टोपण उघडलं आणि मेहुण्याचं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकलं. "ऐकलंत ना, शेजारीणबाई? धापा टाकतोय तो, आणि मरायचंय मी."

रोसेन्दो फारिनांगो ट्रक चालवतो. कायांबेच्या मळ्यांतले गुलाब खोक्यांत भरून विमानतळावर न्यायचे, हे काम लग्न झाल्यापासूनचं. त्याच्याही आधी तो आमच्या गल्लीचा हिरो होता. इथं व्हॉलीबॉल तिघातिघांत खेळतात. जाळं उंच, चेंडू फुटबॉलचा, जड. तिघांतला एक चेंडू जाळ्याजवळ उचलून देतो आणि सगळा खेळ त्याच्या बोटांवर चालतो. ती बोटं रोसेन्दोची. तेव्हा त्याला हरीण म्हणत. वरच्या गल्लीचे लोक सामना नसतानाही नुसता त्याचा सराव बघायला येऊन उभे राहत.

मग ट्रक आला. दिवसभर बसून राहायचं, वाटेत तळलेलं डुकराचं मांस, उकडलेला मका, वर गोड सोड्याची बाटली. आधी रविवार चुकले, मग सराव सुटला. पोट पुढे आलं आणि ते आल्यावर परत मैदानात जायची लाज वाटायला लागली. तो कडेला उलट्या खोक्यावर बसून ओरडायचा, "अरे वर उचल, वर! हात आहेत का लाकडं?" एका रविवारी ते खोकंच त्याच्याखाली मोडलं. जाळ्याच्या दोन्ही बाजूंची माणसं पोट धरून हसली. त्या दिवसापासून हरीण संपलं आणि डुकऱ्या सुरू झाला. पोरं तोंडावर म्हणायची, बायका म्हणायच्या, पाद्री सोडून सगळे म्हणायचे. तोही ओ द्यायचा.

इथं वर्ष संपताना गल्लीगल्लीत जुन्या वर्षाचे पुतळे करतात. भुसा भरलेले, कागदी तोंडाचे. वर्षभर ज्याची थट्टा झाली त्याचा पुतळा दारात खुर्चीवर बसवायचा, त्याच्या नावानं मृत्युपत्र वाचायचं, पुरुषांनी बायकांचे घागरे नेसून त्याच्या विधवा व्हायचं आणि रस्त्यात दोरी आडवी धरून, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे पैसे मागत रडायचं. शेवटी पुतळ्याला बडवून जाळायचं. शिवणाचं मशीन माझ्याकडे आहे, म्हणून आमच्या गल्लीच्या पुतळ्यांचे कपडे माझ्याकडेच येतात. गेल्या वर्षी नेप्ताली रोसेन्दोचा जुना निळा खेळायचा सदरा घेऊन आला.

"दोन्ही बाजूंना जोड घाला, बाई. भरपूर घाला. कापड कमी पडलं तर तंबू आणून देतो."

पुतळा इतका मोठा झाला की दारातून निघेना, भिंतीवरून बाहेर काढावा लागला. नेप्ताली बहिणीचाच घागरा नेसून विधवा झाला होता. छाती बडवत तो रडला, "गेला गं माझा डुकऱ्या! आता पलंगावर मला झोपायला जागा होणार!" मग मृत्युपत्र वाचलं गेलं. 'माझं पोट मी गल्लीला देतो. पाऊस आला की सगळ्यांनी त्याखाली उभं राहावं. माझी बोटं कुत्र्याला द्यावीत, मांस उचलण्याखेरीज त्यांना काही येत नाही.' रोसेन्दो हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

पहिला फटका घरच्यांनी मारायचा असतो. सोइलानं, त्याच्या बायकोनं, कमरेचा पट्टा घेतला. पहिला फटका थट्टेचा होता, दुसराही. पुढचे नव्हते. दात आवळून ती मारत राहिली. निळा सदरा फाटला, भुसा उडाला, लोक टाळ्या वाजवत राहिले आणि रोसेन्दोचं हसणं कधी थांबलं ते कुणी पाहिलं नाही. भुसा फार, म्हणून पुतळा बराच वेळ जळत राहिला. चरबी आहे, वेळ लागणारच, असं कुणीतरी म्हणालं.

जानेवारीत त्यानं पळायला सुरुवात केली. कब्रस्तानाच्या भिंतीपर्यंत गेला आणि तिथंच ओकला. कुत्री मागे लागली. आठवड्यात गुडघा भोपळ्यासारखा सुजला. मग त्यानं अक्कल लावली. पळणं सोडलं, चालणं धरलं. ट्रक मळ्याच्या खालीच उभा करायचा आणि वरपर्यंत पायी जायचं. खोकी बांधायच्या दोरीनं परसात उड्या मारायच्या, आधी मोजक्या, गुडघ्याला विचारून. कब्रस्तानाच्या पायऱ्या चढायच्या. सोडा बंद. ताटातलं मांस अर्धं कुत्र्याला. कुत्रा इतका फुगला की पोरं त्यालाच डुकऱ्या म्हणायला लागली.

मे महिन्यात तो पहिल्यांदा जाळ्याखाली उभा राहिला. चेंडू बोटांतून निसटून कपाळावर आदळला.

"डुकऱ्या, चेंडू हातात घ्यायचा असतो, तोंडात नाही!"

"राहू दे रे, भाकरी वाटली त्याला!"

तो घरी येऊन मला म्हणाला होता, "शेजारीणबाई, आज लई शिव्या खाल्ल्या." इतक्या आनंदात मी त्याला क्वचितच पाहिला.

जुलैपर्यंत बोटं परत आली. श्वासही आला, आणि आमच्या डोंगरावरच्या विरळ हवेत श्वास मिळवणं सोपं नाही. तो उडी मारून चेंडू जाळ्याच्या वर असा ठेवून द्यायचा, जसा कुणी फळीवर तांब्या ठेवावा. त्यानं मनात एकच गोष्ट धरली होती. वर्ष संपायच्या आधी गल्लीच्या तिघांत परत उभं राहायचं, आणि पुतळा झालाच तर तो हरणाचा व्हावा.

पण विजारी त्यानं जुन्याच ठेवल्या. सुतळीनं आवळून घालायचा, त्या ढिल्या विजारी लोकांना दाखवायचा त्याला शौक. तिथंच चुकलं. एतेलविनाबाईंनी आपल्या दुकानातून त्याला जाताना पाहिलं आणि म्हणाल्या, "अंगातून उतरलाय. माझा नवरा असाच उतरला होता."

आमच्याकडे माणूस जाड झाला तर हसतात आणि बारीक झाला तर घाबरतात. उपाशी न राहता, काम न सुटता, आपल्या मर्जीनं कुणी बारीक होतो, हे गल्लीत कुणी पाहिलेलंच नव्हतं. एतेलविनाबाईंच्या नवऱ्याची गोष्ट सगळ्यांना पाठ. तो आतून आजारी होता, कुणाला माहीत नव्हतं, त्याचा पुतळा जाळला आणि तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे आठवड्याच्या आत, तो गेला. तेव्हापासून गल्लीचा नियम आहे. आजाऱ्याचा पुतळा करायचा नाही. आगीला नाव कळतं म्हणतात.

आधी थट्टा थांबली. एका रविवारी वरच्या गल्लीचा तो दांडगा, ज्याच्या फटक्यानं माणसाची बोटं सुजतात, त्यानं रोसेन्दोकडे चेंडू असा सोडला जसा झोपलेल्या बाळाला पाळण्यात ठेवावा.

"काय रे, हाताला लकवा झाला का?" रोसेन्दो ओरडला.

"नाही, रोसेन्दोदादा. तुम्ही खेळा. सावकाश खेळा."

दादा! जन्मात त्यानं रोसेन्दोला दादा म्हटलं नव्हतं. तो सामना रोसेन्दोच्या बाजूनं जिंकला, पुढचाही जिंकला. जिंकल्यावर लोक टाळ्या वाजवायचे आणि त्याच्याकडे न बघता घरी जायचे.

सोइलानं त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाला, घोड्यासारखं काळीज आहे, ठणठणीत. रोसेन्दोनं हे मैदानात उभं राहून सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. एतेलविनाबाईंनी त्याच्या हातावर फुकट अंडी ठेवली. "खा, बाळा. डॉक्टर माझ्या नवऱ्यालाही हेच म्हणाला होता."

नेप्ताली ट्रकवर शेजारी येऊन बसायला लागला. "रस्ता शिकून ठेवतो, भाऊजी. विमानतळावर कोणाला भेटायचं, खोकी कुठं उतरवायची. माहीत असलेलं बरं." एकदा तर त्यानं ब्रेक कसे आहेत ते विचारलं, घेणाऱ्या गिऱ्हाइकासारखं. रविवारी चर्चमध्ये पाद्र्यानं आजाऱ्यांची नावं घेतली, त्यात रोसेन्दो फारिनांगो आलं. तो तिसऱ्या बाकावर बसला होता. आजूबाजूचे सगळे गुडघ्यावर बसले, तो एकटा ताठ बसून राहिला. नंतर मला म्हणाला, "हरकत घ्यायची सोय नाही हो. देवासमोर भांडायचं कसं?"

आणि सोइला. सोइलानं भांडणं सोडलं. वीस वर्षं जिनं त्याला सुखानं एक घास गिळू दिला नव्हता ती आता कोंबडीचं सूप चमच्यानं पुढे धरायची, ट्रकवर चढताना हात द्यायची. नवस तिचाच. सगळी गल्ली तिच्यामागे निघाली, कारण चांगल्या माणसाला निरोप द्यायचा तर असा द्यावा.

मी का निघाले, असं कुणी विचारलं तर मला नीट सांगता यायचं नाही. मी दुसऱ्याच देवीला मानणारी. पण देवी ती देवी, आणि सोइलानं बोलावलं. वाटेत मी देवीकडे काय मागावं याचाच विचार करत होते. धडधाकट माणसाचं आरोग्य कसं मागायचं?

चढाच्या माथ्यावर एक दगडी कठडा आहे. आम्ही तिथं टेकलो. रोसेन्दो घामानं चिंब होता, पण श्वास सरळ. त्यानं मांडीवर थाप मारली. मांडी लाकडासारखी वाजली.

"बरं, कपडे बेतले की नाही? डिसेंबर आला," तो म्हणाला. "यंदा कापड कमी लागेल बघा तुम्हाला. निळा सदरा सोइलाकडे मागू नका, तो जळला. नवीन शिवा. आणि पाय लांब ठेवा जरा, हरणाचे."

मी पिशवीचा बंद उगाच सोडत बांधत राहिले.

"काय झालं?"

"नेप्ताली आला होता," मी म्हणाले. "यंदा दोनच पुतळे. नगरपालिकेचा एक, आणि वरच्या गल्लीतल्या दांडग्याचा."

"आणि माझा?"

 त्याला नियम माहीत होता. तो काही बाहेरचा नव्हता.

खाली वळणावर मंडळी उठत होती. सोइला पुढे होती, हातात मेणबत्त्यांची जुडी, तोंडानं जप. तिनं वर पाहिलं आणि हात हलवला, हळूच, जसा आगगाडीत बसलेल्या माणसाला हलवतात. रोसेन्दोनंही हलवला. मग बराच वेळ तो आपल्या बोटांकडे बघत बसला.

"परवा कुणीतरी डुकऱ्या म्हणून हाक मारली," तो म्हणाला. "मी केवढ्या आनंदानं वळलो. कुत्र्याला बोलवत होते."

मला हसू आलं आणि लाजही वाटली.

"आता काय, परत खायला लागू? मांस खाऊ, सोडा पिऊ, म्हणजे मी बरा?" तो कठड्यावरून उठला. "खाल्लं तरी म्हणतील, शेवटची इच्छा पुरी करतोय."

मेहुण्याची धाप आता अगदी जवळ ऐकू यायला लागली होती. रोसेन्दोनं दोन्ही पिशव्या परत खांद्यावर घेतल्या, रिकामी बाटली गळ्यात अडकवली आणि माझ्याजवळ वाकून घाईघाईनं बोलला.

"शेजारीणबाई, माझा पुतळा तुम्ही शिवा. कुणाला विचारू नका, नेप्तालीला तर मुळीच नाही. भुसा मी आणून देतो. जाडच करा, पहिल्यासारखा, पोटासकट, दारातून निघणार नाही असा. आणि त्या दिवशी पट्टा सोइलाच्या हातात तुम्ही द्या. तिला म्हणावं, जोरात मार."