देवदत्तचा ट्रेबल

"ही गिटार आहे की दातांच्या डॉक्टरचं मशीन?" सौमित्र माइक खाली ठेवून म्हणाला आणि आमच्या तालमीतलं हसणं एकदम थांबलं.

गुरुवारची संध्याकाळ होती. शनिवारी अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या आमच्या मराठी मंडळाचा दिवाळी कार्यक्रम होता. त्यासाठी शाळेचा हॉल घेतलेला, तिकिटं संपलेली, आणि आम्ही तालमीला देवदत्त सोहोनीच्या बेसमेंटमध्ये जमलेलो. सौमित्र गातो आणि आमचा बँडही चालवतो. दोन्ही कामं तो सारख्याच मोठ्या आवाजात करतो. मी शुभा, मी कीबोर्ड वाजवते आणि मला राग पटकन येतो. त्या दिवशी मात्र सौमित्रचं म्हणणं बरोबर होतं. देवदत्तच्या गिटारचा आवाज कानात सुईसारखा टोचत होता.

"टोचतंय?" देवदत्त म्हणाला. "अरे, मला तर एकदम मफल्ड वाटतंय. गोधडीखालून आल्यासारखं." आणि खाली वाकून त्याने ट्रेबलचं, म्हणजे वरच्या बारीक आवाजाचं, बटण आणखी वर फिरवलं. पुढचा स्वर वाजला तसे मी दोन्ही हात कानांवर ठेवले. तबलेवाल्या काकांनी डोळे मिटून घेतले.

सौमित्र म्हणाला, "हे बघ यार, शनिवारपर्यंत टोन फिक्स झाला तर ठीक. नाहीतर तुझा पीस मी ट्रॅकवरून वाजवतो. रेकॉर्डिंग रेडी आहे. सॉरी, पण चारशे लोक असणार आहेत."

सौमित्रने स्वतः चाल दिलेल्या गाण्यात मध्ये एक लांब गिटारचा तुकडा होता. देवदत्तने तो वर्षभर घोटला होता. तिथे लॅपटॉपमधून कुणा भाडोत्री माणसाची गिटार वाजणार आणि हा तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवणार! देवदत्तने वायर गुंडाळायला घेतली, आणि त्याने न सांगताच आम्ही निघालो.

देवदत्त मूळचा मिरजेचा. मिरजेत सतारी बनतात, म्हणून याचा कान तयार, असं इथले लोक कौतुकाने सांगतात. त्याचे वडील पोस्टात होते आणि घरात एक रेडिओ सोडला तर वाजणारं काही नव्हतं. पण कान खरोखरच तयार होता, आणि त्याच कानावर तो पोट भरतो. गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत त्याची नोकरी आहे. नवीन गाडीत कुठे काय करकरतं, खुळखुळतं, शिट्टी मारतं हे शोधून काढायचं. माइक असतात, कॉम्प्युटर असतो, पण शेवटी एक माणूस गाडीत बसून नुसता ऐकतो, आणि त्याने मान डोलावल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. तो माणूस म्हणजे देवदत्त. माझ्या गाडीत एकदा तो पाच मिनिटं बसला आणि म्हणाला, "मागच्या डाव्या दाराचं रबर गेलंय." गेलेलं होतं.

बाकी माणूस साधा. भांडण नाही, तंटा नाही, पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एक पदार्थ आणायच्या जेवणाला, नेहमी कोशिंबीर आणणार. हट्ट एकच, टोनचा. गिटारचा आवाज कसा हवा यावर तो तासभर बोलू शकतो, आणि समोर मी असले तर बोलतोच. त्याच्याकडे एक मॉडेलर आहे. म्हणजे बुटांच्या खोक्याएवढी पेटी. गिटारचा आवाज मोठा करणारे जुन्या काळचे काचेच्या नळ्यांचे अ‍ॅम्प, त्यांचे स्पीकर, त्यांच्यापुढे ठेवलेला माइक, या सगळ्याची नक्कल ती पेटी आकडेमोड करून काढते. आत हजारो आवाज असतात आणि म्हणूनच आपल्याला हवा तो एक सापडता सापडत नाही. सापडला की त्याला नाव देऊन साठवून ठेवायचं. त्याला प्रीसेट म्हणतात. देवदत्तच्या पेटीत 'फायनल', 'फायनल २', 'खरंच फायनल' असे प्रीसेट होते, आणि एक होता 'रुचा झोपलीय'.

रुचा म्हणजे त्याची बायको. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, पहाटे निघते, म्हणून लवकर झोपते. पूर्वी ते अपार्टमेंटमध्ये राहायचे तेव्हा खाली एक तान्हं बाळ होतं. आपल्यामुळे कुणाला त्रास नको, ही आपल्याकडची शिकवण. देवदत्तने खराखुरा अ‍ॅम्प विकून टाकला, मॉडेलर घेतला आणि हेडफोन चढवले. बाळ मोठं झालं, यांनी घर घेतलं, पण हेडफोन काही उतरले नाहीत. आम्ही बायका आमच्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण द्यायचो. बघा, घरात गिटार वाजते आणि घरात पत्ता लागत नाही!

शुक्रवारी माझं ऑफिस सुटताना त्याचा फोन आला. "शुभा, प्लीज जरा घरी ये. मला दुसरे कान हवेत."

मी गेले. बेसमेंटमध्ये जुन्या तारांची वेटोळी पडली होती. त्याने तारा बदलल्या होत्या, वायरी बदलल्या होत्या, पेटीचं सॉफ्टवेअर पुसून नव्याने घातलं होतं आणि दुकानातून एक नवा स्पीकर परत करण्याच्या बोलीवर उचलून आणला होता. डोळे लाल दिसत होते. त्या दिवशी ऑफिसलाही गेला नव्हता.

"ऐक," म्हणाला आणि वाजवलं.

मी तोंड सरळ ठेवायचा खूप प्रयत्न केला, पण जमलं नाही.

"टोचतंय?"

"टोचतंय रे."

त्याने दुसरा प्रीसेट लावला, मग तिसरा. प्रत्येक वेळी तो तारांकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला जो आवाज आवडायचा त्याने माझे दात आंबायचे, आणि मला जो बरा वाटायचा तो ऐकून त्याची मान नकारार्थी हलायची. शेवटी तो चिडलाच. "तुम्ही सगळे ठरवून करताय का हे? सौमित्रने सांगितलंय का तुला?"

मीही चिडले. "मला कामं नाहीत का रे? घरी कणीक भिजवून ठेवलीय मी!"

आमचा आवाज ऐकून रुचा खाली आली. पायरीवरूनच म्हणाली, "देव, तू या बीपबीपमध्ये बसतोस तरी कसा? बॅटरी बदल म्हणून किती दिवस सांगतेय."

"कसली बीप?"

छताला, त्याच्या खुर्चीच्या बरोबर वर, धुराची सूचना देणारा तो पांढरा डबा होता. इथे प्रत्येक घरात असतो. बॅटरी संपत आली की थोड्या थोड्या वेळाने किरकिरतो आणि माणसाला वेड लावतो. मी आल्यापासून तो वाजतच होता, भांडणाच्या नादात मी सोडून दिलं होतं. आता आम्ही तिघं गप्प झालो. डबा वाजला. रुचाने आणि मी एकदम वर बघितलं. देवदत्तने आमच्याकडे बघितलं.

"वाजली?" त्याने विचारलं.

तो खुर्चीवर चढला, डबा फिरवून काढला आणि उजव्या कानाला लावून उभा राहिला. वाजल्यावर पापणी लवली. मग डाव्या कानाला लावला. डबा वाजला. तो तसाच उभा. परत वाजला. तो अजून वाटच बघत होता.

"कान थकलेत," खाली उतरत तो म्हणाला. "सकाळपासून वाजवतोय ना." पण ते त्याला स्वतःलाच पटलेलं नव्हतं. मग पेटीच्या छोट्या पडद्यावर मागे मागे जात त्याने एक जुना प्रीसेट काढला. "हा मी चार वर्षांपूर्वी केला होता. त्या दिवाळीला. शुभा, तू म्हणाली होतीस की पहिल्यांदाच तुझी गिटार मला आवडली."

त्याने वाजवलं आणि मला एकदम बरं वाटलं. उबदार, भरलेला, माणसाच्या गळ्यासारखा आवाज. "हाच!" मी ओरडलेच. "अरे, हाच घे ना! एवढा घोळ कशाला घातलास?"

"तेव्हापासून याला हात नाही लावला," तो हळू म्हणाला. "तेव्हा मलाही हाच आवडला होता. आता गोधडीखालून येतोय." गिटार त्याने मांडीवर आडवी ठेवली. "नळ्यांचा अ‍ॅम्प असता ना, तर मी म्हटलं असतं, नळ्या म्हाताऱ्या झाल्या. यात नुसते आकडे आहेत, शुभा. ते चार वर्षांपूर्वी जे होते तेच आज आहेत."

रुचा त्याच्याशेजारी जमिनीवर बसली. मला त्या हेडफोनचा असा संताप आला की ते भिंतीवर फेकून द्यावेसे वाटले. अ‍ॅम्प असता तर खालचे लोक वर आले असते, रुचा झोपेतून उठून ओरडली असती, "आवाज कमी कर!" यात ओरडायला कुणी नव्हतंच. तो सगळ्यांना जपत होता आणि हेडफोनमधला आवाज रोज थोडा वाढवत होता.

देवदत्तने फोन काढला आणि सौमित्रला मेसेज टाइप करायला लागला. ट्रॅक वापर म्हणून. रुचाने फोन हिसकावून घेतला.

"दे इकडे," तो म्हणाला. "आणि मंडेला ऑफिसात काय सांगू मी? किती गाड्या मी ओके केल्या असतील ज्यांच्यातलं करकरणं मला ऐकूच आलं नाही? कानावर घेतलंय गं त्यांनी मला!"

"सोमवारचं सोमवारी. कान दाखवायला आपण जाणार आहोत, ऑफिसातही तू सांगणार आहेस. पण उद्या तू वाजवणार."

"काय वाजवू? जे मला ऐकू येत नाही ते?"

"हो, तेच." रुचा हटली नाही. "मी बसते या बटणांपाशी. तू नुसतं वाजव."

तिला ट्रेबल आणि बेस यांतला फरक ठाऊक नव्हता. ती एक बटण धरून फिरवायची आणि म्हणायची, "हे टोचतं. आता नाही टोचत. हां, आता पोकळ झालं." स्पीकर कार्यक्रमात असेल तेवढा मोठा केला आणि मी जिन्यापाशी उभी राहून मान हलवत गेले. देवदत्त ओठ चावून वाजवत होता. आपल्या हाताने बांधलेल्या आवाजात दुसऱ्या कुणी बोटं घालावीत हे त्याला किती लागत होतं ते दिसत होतं, आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

शनिवारी स्टेजवर त्याने पेटी माझ्या कीबोर्डखाली ठेवायला लावली. त्याच्या हाताच्या बाहेर. "मी मागितली तरी देऊ नकोस," म्हणाला. सौमित्रला आम्ही एवढंच सांगितलं होतं की टोन बसलाय. त्याचा विश्वास नव्हता. लॅपटॉप उघडून त्याने शेजारच्या स्टुलावर ठेवला होता, ट्रॅक लावून, नुसतं बोट टेकवायचा अवकाश.

गाणं सुरू झालं. पहिलं कडवं झालं, दुसरं आलं. देवदत्तने मागे हळूच एक तार छेडून बघितली आणि त्याचा चेहरा पडला. तो सरळ माझ्याकडे आला. वाजवणारे दोन्ही हात मला काढता येईनात. मी पाय उचलून पेटीवर ठेवला.

"थोडासाच," तो पुटपुटला. "शुभा, थोडासाच ट्रेबल. काहीच ऐकू येत नाहीये."

मी मान हलवली. नाही. असं रागाने त्याने माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं. कडव्याची शेवटची ओळ चालू होती. सौमित्रने गाता गाताच वळून आमच्याकडे बघितलं आणि एक बोट लॅपटॉपवर नेलं. देवदत्तने ते बोट पाहिलं. तो जागच्या जागी वळला, डोळे मिटले आणि पहिला स्वर सोडला.

मी पाय काढला नाही. आवाज हॉलभर गेला, भरून, कुठेही न टोचता. पुढच्या रांगेतले काका खुर्चीत सावरून बसले. सौमित्रचं बोट लॅपटॉपवरून उचललं गेलं. देवदत्तला यातलं काही दिसत नव्हतं. तो आठवणीतून वाजवत होता, बोटांवर भरवसा टाकून, आणि कपाळावरून घाम गळत होता. तुकडा संपला तेव्हा टाळ्या एवढ्या झाल्या की सौमित्रला पुढचं कडवं थांबवावं लागलं. टाळ्या मात्र देवदत्तला ऐकू आल्या. त्याने डोळे उघडले.

नंतर पार्किंगमध्ये कडाक्याची थंडी होती. लोक येऊन त्याची पाठ थोपटत होते, तो सगळ्यांना थँक्यू म्हणत होता. सगळे गेल्यावर त्याने गिटार गाडीत ठेवली आणि रुचाकडे वळला. मी माझ्या गाडीची किल्ली शोधत बाजूलाच उभी होते.

"कसा होता आवाज?"

"मस्त होता रे."

"मस्त नको. कसा होता ते सांग."

रुचा गोंधळली. संगीतावर ती आयुष्यात दोन वाक्यं बोलली नसेल. "म्हणजे... आधी गोल होता. मग तू ती तार ओढलीस ना वर, तेव्हा थोडासा फाटला, पण छान फाटला. धुवून मऊ झालेल्या साडीसारखा. आणि शेवटचा स्वर खूप वेळ राहिला."

"वरती बारीकशी खरखर होती का? बोट तारेवर घासल्याची?"

"होती."

"नक्की होती?"

"होती रे. मला तर तीच सगळ्यात आवडली."

देवदत्तने डिकीचं दार लावलं आणि त्याला टेकून उभा राहिला.

"परत सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून."