डॉख म्हणजे 'हो' नव्हे

जर्मनच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर तीन शब्द लिहीत असे: या, नाइन, डॉख. 'या' म्हणजे हो, 'नाइन' म्हणजे नाही, इथपर्यंत मुलं मुकाट्यानं उतरवून घेत. तिसऱ्यापाशी कोणीतरी कोश उघडी आणि हात वर करी.

"मॅडम, याला इंग्रजीत बट, येट, यस, ऑन द कॉन्ट्ररी असं काय काय दिलंय. यातलं नक्की काय धरायचं?"

"कोश मिटा," मी म्हणायची. "आई म्हणाली, तू दात घासलेच नाहीस. तुम्ही घासलेत. काय म्हणाल?"

"घासले की!"

"तो 'की' म्हणजे डॉख. पुढचं पान काढा."

एवढ्यात काम भागे. समोरच्यानं 'नाही' गृहीत धरून काही विचारलं आणि ते खोडून काढायचं असलं, की जर्मन माणूस डॉख म्हणतो. इंग्रजीत त्यासाठी वेगळा शब्द आज उरलेला नाही. 'यस'वर वेळ मारून नेतात, फार तर त्याला शेपूट जोडतात. मराठीत आहे, पण इतका अंगवळणी पडलेला, की त्याला कोणी शब्द मानत नाही. 'कोम डॉख' म्हणजे 'ये की'. सरळ रस्ता आहे. आमची माणसं मात्र जर्मनीहून पुण्याला यायचं तरी लंडनवरून येतात.

पुढे मी शिकवणं सोडून भाषांतरं करू लागले. तेव्हा शहरात एक प्रदर्शन भरायचं होतं. विषय पेशवाईची अखेर. पेशव्यांच्या तोफखान्यात नोकरीला असलेल्या एका जर्मनानं म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींतले उतारे फलकांवर येणार होते. त्यांचं इंग्रजी परदेशात झालेलं. मराठी इथल्या कार्यालयानं त्या इंग्रजीवरून केलेलं. मूळ जर्मन मजकूर पाहणारं कोणीतरी असावं असा तिकडच्या लोकांनी आग्रह धरला, म्हणून उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मला बोलावणं आलं. फलक तोवर भिंतीवर चढले होते.

एका फलकावर भाजीवाली होती. खडकीची लढाई होऊन गेलेली, लोक बोचकी बांधून शहर सोडतायत. तेव्हाचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढे भरायचा, आजची मंडई फार नंतरची. त्या बाजारात एकच बाई वांगी मांडून बसलेली. आठवणी लिहिणारा हा तोफखान्यातला गोलंदाज तिला विचारतो, "इंग्रज शहरात आले की तू इथे बसणार नाहीस ना?" जर्मनमध्ये पुढे एवढंच आहे, की ती म्हणाली, "डॉख," आणि वांग्यांवर पाणी शिंपडू लागली.

इंग्रजी फलकावर 'यस' होतं. मराठी फलकावर होतं:

"हो," ती म्हणाली.

म्हणजे झालं. सगळं गाव पळत असताना जी एकटी बसून राहिली, तिचंही बोचकं आम्ही बांधून दिलं होतं.

प्रदर्शनाचे संयोजक चहा घेत होते. त्यांना फलकापाशी आणलं.

"हे चुकलंय."

"शुद्धलेखन?"

"अर्थ. ती बसणार म्हणते आहे. तुमच्या मराठीत ती नाही बसणार म्हणते."

"मॅडम, इंग्रजीत यस आहे. यस म्हणजे हो. हे बालवाडीत शिकवतात."

"बालवाडीच्या पुढेही शाळा असते," मी म्हटलं. "बरं, तुम्ही हा फलक बदलणार नाही ना?"

"हो."

"म्हणजे बदलणार?"

"अहो, नाही! आत्ता काय सांगितलं? नाही बदलणार."

"मग त्या बाईनं काय सांगितलं?"

त्यांनी कपातला उरलेला चहा सावकाश संपवला. मुद्दा कळला होता. पण पुण्यात मुद्दा कळणं आणि तो मान्य करणं ही दोन वेगळी खाती आहेत.

"संदर्भानं लक्षात येतं लोकांच्या," ते म्हणाले.

"संदर्भ असा, की गाव पळतंय. त्यात ती 'हो' म्हणाली तर लोक समजणार, हीसुद्धा निघाली."

"मॅडम, उद्या पाहुणे येणार. एवढं कोण वाचतं? तुम्हाला पटत नसेल तर तुमचं नाव काढतो यादीतून."

"नाव राहू द्या. वाक्य बदला."

"ते होणार नाही."

मी पर्स उचलली. रस्ताभर डोकं तापलेलं होतं. गोलंदाजानं त्या बाईचं नाव विचारलं नाही. ती कुठली, कोणाची, पुढे तिचं काय झालं, काही ठाऊक नाही. जगात तिचा एक शब्द तेवढा उरलाय. आणि ती काही जर्मनमध्ये बोलली नसणार. ती म्हणाली असणार, "बसणार की." त्या परक्या माणसानं आपल्या भाषेत शोधून बरोबर तोच शब्द तिथे ठेवला. इंग्रजांनी पुणं घेतलं, पण तिचं उत्तर त्यांच्या हाती लागलं नव्हतं. ते आम्ही एवढ्या वर्षांनी आपणहून नेऊन दिलं, तेही शुद्धलेखन तपासून.

कसबा पेठेत माझ्या ओळखीचा एक पाटीवाला आहे. फलकाच्या रंगाची, त्याच अक्षराची चिकटपट्टी करून दे म्हणाले.

"काय लिहायचं, ताई?"

मी कागदावर लिहून दिलं. त्यानं उलटसुलट करून पाहिलं.

"बस, एवढंच? खाली सूचना नाही, अपमान नाही. पुण्यात असली पाटी खपायची नाही."

"अपमान आतच आहे. तू कर."

दुसऱ्या दिवशी पाहुणे यायच्या आधीच पोहोचले. माणसं खुर्च्या मांडत होती. मी फलकापुढे उभी राहिले, पट्टीच्या मागचा कागद सोलला. संयोजक हातात गुच्छ घेऊन लगबगीनं आले. पट्टीवरची ओळ त्यांना लांबूनच दिसली असावी.

"मॅडम! तुम्ही ते तिथे चिकटवणार नाही आहात ना?"

"चिकटवणार की," मी म्हटलं.

पट्टी किंचित तिरकी बसली. तळहातानं घासून पक्की केली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले.